मोजलं नाही ते शून्य नव्हे

*मॅडम, मी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, रत्नागिरी जिल्ह्यातली. प्रकल्पासाठी दोन खडकाळ किनाऱ्यांवरच्या शंखशिंपल्यांची मोजणी केली. एका किनाऱ्यावर पर्यटकांची वर्दळ असते, दुसरा निर्मनुष्य आहे. वर्दळीच्या किनाऱ्यावर जीव कमी सापडतील असं वाटलं होतं, पण फरकच निघाला नाही. ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला होता म्हणून दोन फेऱ्या हुकल्या. काही वेळा खालचा पट्टा पाण्यातच होता, तिथे शीटमध्ये शून्य भरलंय. गाईड म्हणाले, ‘निष्कर्षात दम नाही, बघ काय करता येईल.’ मैत्रिणी म्हणतात, दोन-चार आकडे इकडचे तिकडे कर. एका सीनियरने त्याचं ब्लॅकबुक, म्हणजे बांधणी केलेला प्रकल्प अहवाल दिलाय, मजकूर तसाच घे म्हणतो. तीन आठवड्यांवर सबमिशन आलंय आणि माझं इंग्रजी बेताचं आहे. सुरुवात कुठून करू? वहीची पानं, एक्सेल शीट आणि लिहिलेली चार पानं सोबत पाठवते आहे.*

*— मृण्मयी (नाव बदललं आहे)*

प्रिय मृण्मयी,

तुझी चार पानं आधी वाचली आणि वही नंतर. चार पानांत समुद्र कुठेच नाही. ‘जैवविविधता ही मानवी जीवनासाठी अत्यंत महत्त्वाची आहे’ इथून सुरुवात होते आणि चौथ्या पानापर्यंत एकही खडक लागत नाही. वही उघडली आणि मी खुर्चीत नीट सावरून बसले. ओल्या बोटांचे ठसे, पेन्सिलीने काढलेला किनाऱ्याचा कच्चा नकाशा, आणि समासात लिहिलेलं: ‘दोन बायका कालवं काढतायत. विचारलं तर म्हणाल्या, आम्ही उधाणालाच येतो, भांगाला काय मिळतंय इथं.’ (कालवं म्हणजे खडकाला चिकटून बसणारे शिंपले. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान.)

तुझा प्रकल्प वहीत आहे. चार पानं बाजूला ठेव. पुढचे तीन आठवडे वही समोर उघडी ठेवून लिहायचं.

आधी त्या शून्यांचं बघू, कारण ती तशीच राहिली तर पुढचं सगळं वाकडं जाईल. तू दर फेरीत प्रत्येक किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पट्ट्यात, खडकावर ठेवून आतले जीव मोजायच्या पाच-पाच चौकटी टाकल्या होत्यास, म्हणजे पंधरा. दहा फेऱ्या झाल्या. त्यातल्या तीन फेऱ्यांत वहीत ओहोटीची वेळ दुपारी बारा-साडेबाराची आहे. आपल्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. म्हणजे दुपारी बाराला ओहोटी असलेला दिवस अष्टमी-नवमीचा, भांगाचा. भांगाला पाणी फार आत जात नाही, खालचा पट्टा उघडाच पडत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मात्र ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला येते आणि पाणी दूरवर हटतं. तू सुट्टीचे दिवस बघून गेलीस, म्हणून तीन फेऱ्या भांगात सापडल्या. त्या बायकांनी तुला एका वाक्यात हेच सांगितलं होतं.

त्या तीन फेऱ्यांत प्रत्येक किनाऱ्यावर खालच्या पट्ट्यातल्या पंधरा चौकटी तू टाकल्याच नाहीस, आणि शीटमध्ये तिथे शून्य आहे. शून्य लिहायचं तर चौकट खडकावर ठेवलेली हवी, आत वाकून बघितलेलं हवं आणि काही सापडलेलं नको. तू तर तिथे पोचलीच नव्हतीस. ती घरं रिकामी ठेव, किंवा तिथे ‘नोंद नाही’ लिही. फरक किती पडतो ते तुझ्याच आकड्यांत बघ. वर्दळीच्या किनाऱ्यावर खालच्या पट्ट्यात तुला चिकटून बसणारे टोपीच्या आकाराचे शंख, म्हणजे लिंपेट, एकूण ४२० मिळाले. तू ५० ने भागलंस, सरासरी आली ८.४. प्रत्यक्षात टाकलेल्या चौकटी ३५. सरासरी येते १२. जवळजवळ दीडपट. एकही आकडा न बदलता, फक्त खरं काय घडलं ते लिहून.

हे मी अधिकाराने सांगते आहे, कारण विद्यार्थिदशेत मीसुद्धा पावसात भिजलेल्या पानांवरच्या न वाचता येणाऱ्या नोंदींच्या जागी शून्य भरलं होतं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षकांनी फक्त एवढंच विचारलं, ‘या महिन्यात एकही बेडूक नव्हता? श्रावणात?’ मला उत्तर देता आलं नाही. ते अजून आठवतं. तेव्हापासून शेतावर, रानात, किनाऱ्यावर मी पेन्सिल सोडून दुसरं काही नेलं नाही. तुझी वही पेन्सिलीत आहे हे बघून बरं वाटलं.

आता लिहायला कुठून लागायचं. ‘मटेरियल अँड मेथड्स’पासून. प्रस्तावनेपासून सुरू करणारा विद्यार्थी आठवडाभर ‘जैवविविधता महत्त्वाची’ भोवतीच फिरत राहतो. पद्धतीत मात्र विचार करावा लागत नाही, आठवावं लागतं. तुझं सध्याचं वाक्य आहे: ‘निवडलेल्या स्थळांवर प्रमाणित पद्धतीने नियमित सर्वेक्षण करण्यात आले.’ त्यावरून दुसऱ्या कुणाला तुझं काम पुन्हा करता येईल का? नाही. त्याऐवजी असं काहीतरी:

‘ऑगस्ट ते जानेवारी या काळात प्रत्येक किनाऱ्यावर बारा फेऱ्या ठरवल्या होत्या. ऑगस्टमधल्या दोन फेऱ्या खवळलेल्या समुद्रामुळे झाल्या नाहीत. झालेल्या दहांपैकी तीन फेऱ्या भांगाच्या ओहोटीला झाल्या, त्या वेळी खालचा पट्टा पाण्याखाली होता. प्रत्येक फेरीत दोन किनारे लागोपाठच्या दोन दिवशी केले. अर्धा मीटर बाजूची पीव्हीसी पाइपची चौकट वापरली. चौकटीतले डोळ्यांना दिसणारे सर्व शंख जागेवरच मोजले, उचलून नेले नाहीत. दोन्ही किनारे मिळून २७० चौकटी मोजल्या.’

बघ, हुकलेल्या फेऱ्या आणि भांग आता कबुलीजबाबासारखे मागे लपलेले नाहीत, पद्धतीचा भागच झाले आहेत. क्षेत्रकामात पाऊस येतो, बोट बंद होते, ताप येतो. परीक्षक स्वतः हे करून बसलेले असतात. ज्या अहवालात सहा महिने काहीच बिघडलं नाही, त्याच्याकडेच ते संशयाने बघतात. चौकटीची जागा कशी ठरवलीस तेही लिही. वहीत ‘पाठ करून चौकट फेकली’ असं एका ठिकाणी आहे आणि दुसरीकडे ‘दोरीवर दर दोन मीटरला’. दोन्ही केलं असशील तर दोन्ही लिही, कुठल्या फेरीपासून बदललं तेही. आणि शंख जागेवरच मोजलेस हे स्पष्ट लिहायलाच हवं. आपल्या खडकांतल्या डबक्यांमध्ये प्रवाळही असतात, आणि सगळे पाषाण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ‘नमुने गोळा केले’ असं सवयीने लिहून ठेवशील आणि नको तो प्रश्न ओढवून घेशील.

ओळख पटवताना जिथे शंका आहे तिथे, समजा नेरिटा या शंखांच्या बाबतीत, ‘नेरिटा, जात १’ इतकंच लिही आणि फोटो जोड. चुकीच्या पूर्ण नावापेक्षा खरं अर्धं नाव बरं. शास्त्रीय नावं तिरप्या ठशात, जीनसचं (प्रजातीचं) पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान. बाकी समास, फॉन्ट, पानक्रमांक याची विभागाने दिलेली यादी असते, ती शेवटच्या दोन दिवसांत कर.

निष्कर्षांच्या भागात सरासरीवर विसंबू नकोस. तुझ्या एका फेरीतल्या कालवांच्या सहा चौकटी बघ: ०, ०, ३, ४१, ०, २. सरासरी ७.७ येते, आणि साडेसात-आठ कालवं असलेली एकही चौकट तिथे नाही. मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, येतो १. कालवं गठ्ठ्याने बसतात, जिथे एक चिकटलं तिथे पुढची पिढीही येऊन चिकटते. म्हणून या भागात पट्ट्यानुसार ठिपक्यांची आकृती काढ, दर चौकटीला एक ठिपका. ती ४१ ची चौकट वेगळी उठून दिसू दे. ती चूक आहे असं समजून काढून टाकू नकोस. वहीत तिच्यापुढे तूच लिहिलंयस, ‘कपारीत, सावलीला’. त्या दोन शब्दांवर चर्चेत एक परिच्छेद होऊ शकतो.

आणि आता मुख्य गोष्ट, फरक निघाला नाही ही. तुला, मैत्रिणींना आणि, माफ कर, पण तुझ्या गाईडनाही ती अडचण वाटते आहे. मला वाटत नाही.

पहिलं म्हणजे, तुझ्या प्रश्नाची ताकद किती होती ते बघ. आपल्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. खरंच आहे, पण ती परीक्षा त्या एकाच पातेल्याची. एका पातेल्यातली १३५ शितं चाचपलीस तरी शेजारच्या घरचा भात शिजलाय का हे कळणार नाही. तू एक वर्दळीचा किनारा घेतलास आणि एक शांत. प्रत्येकी १३५ चौकटी हा त्या त्या किनाऱ्याचा छान तपशील आहे, पण ‘पर्यटनाचा परिणाम’ यासाठी तुझ्याकडे नमुने आहेत एक विरुद्ध एक. १९८४ मध्ये परिसरशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ हे नाव दिलं, आणि परिसरशास्त्राच्या प्रयोगांत ती किती सर्रास होते ते दाखवून दिलं. तेव्हा मोठमोठ्यांच्या हातून झालेली गोष्ट आहे, तू वाईट वाटून घेऊ नकोस. फक्त शीर्षक बदल. ‘पर्यटनाचा शंखशिंपल्यांवर परिणाम’ काढून ‘दोन खडकाळ किनाऱ्यांवरील शंखशिंपल्यांची तुलना’ असं कर. शीर्षक लहान झालं, पण तुझ्या कामाच्या मापाचं झालं.

दुसरं, तुझा ‘निर्मनुष्य’ किनारा निर्मनुष्य नाही. त्या कालवं काढणाऱ्या बायका कुठल्या किनाऱ्यावर भेटल्या? वहीत तारखेपुढे किनाऱ्याचं नाव आहे: शांत म्हटलेल्याच किनाऱ्यावर. पुढे नोव्हेंबरातही नोंद आहे, ‘आज चौघी’. चार पानांत त्यांचा उल्लेखही नाही! पर्यटक दुपारी येतात, वरच्या पट्ट्यात फिरतात, फोटो काढतात आणि जातात. या बायका पहाटे, पाणी सगळ्यात खाली असताना, खालच्या आणि मधल्या पट्ट्यात उतरतात आणि कालवं फोडून आतलं मांस नेतात. दोन्ही किनाऱ्यांवर माणूस आहे, फक्त वेगळ्या वेळी, वेगळ्या पट्ट्यात, वेगळ्या कामासाठी. मग तू मोजलेल्या लिंपेटमध्ये आणि नेरिटामध्ये फरक दिसला नाही, यात नवल काय? ते घ्यायला कुणी येतच नव्हतं. कालवांचे आकडे पट्ट्यानुसार वेगळे काढून बघ. मी ओझरते पाहिले, पण ते तूच काढायला हवेत.

हे सगळं चर्चेत लिहिताना क्रियापद जपून वापर. ‘आढळलं’ हे तुझं. ‘असू शकेल’ हे तुझं अनुमान. ‘यामुळे झालं’ हे लिहायचा हक्क तुझ्या कामाने तुला अजून दिलेला नाही. याच विषयातलं उदाहरण देते. खडकावर बार्नॅकलचे, म्हणजे खडकाला कायमचे चिकटून राहणाऱ्या छोट्या कवचधारी जीवांचे, पट्टे असतात, एक जात वर, दुसरी खाली. कितीही मोजलं तरी तसं का, ते मोजण्यातून कळत नव्हतं. परिसरशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडमधल्या मिलपोर्टच्या किनाऱ्यावर वरच्या जातीची बार्नॅकल असलेले दगड खालच्या पट्ट्यात नेऊन ठेवले, आणि काही भागातून खालची जात खरवडून काढली. जिथे खरवडलं तिथे वरची जात खालीही जगली. जिथे नाही खरवडलं तिथे दुसरीने तिला चेपून, उचकटून टाकलं. ते १९६१ मध्ये प्रसिद्ध झालं आणि तेव्हा ‘यामुळे’ लिहिता आलं. तुझी मोजणी ही त्याच्या आधीची पायरी आहे. ती पायरी नीट बांधली असेल तर पुढच्या वर्षीची मुलगी तिच्यावर पाय ठेवून प्रयोग करू शकेल.

पण आधीची पायरी म्हणजे हलकं काम असं समजू नकोस. १९३० मध्ये पक्षीतज्ज्ञ सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीजवळ बसून रोज कोणतं घरटं कुठवर आलं, कोणती मादी कधी आली, याच्या नोंदी ठेवत होते. नर घरटं अर्धवट विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मग नर ते पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो, हे त्यातून उलगडलं. प्रयोगशाळा नव्हती, होत्या त्या तारखा, वेळा आणि चिकाटी. तुझ्या वहीतही तारखा आणि वेळा आहेत.

आकडे इकडचे तिकडे करण्याबद्दल. करू नकोस. पकडली जाशील म्हणून नव्हे, जरी जाशीलच. बनवलेले आकडे फार सुबक असतात आणि अनुभवी डोळ्यांना तो सुबकपणा खटकतो. खरं कारण वेगळं आहे. तुझे आकडे विभागाच्या कपाटात राहतील. उद्या त्या किनाऱ्यावर जेट्टी आली, तेलाचा तवंग आला, तर ‘पूर्वी इथे काय होतं’ हे विचारायला कुणीतरी ते कपाट उघडेल. आपल्या कोकणातल्या कितीतरी खडकांबद्दल अशी एकही मोजणी झालेली नाही. तिथे खोटा आकडा ठेवण्यापेक्षा रिकामं घर परवडलं.

सीनियरचं ब्लॅकबुक रचना बघण्यापुरतं चाळ आणि परत कर. २०१८ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे चाळीसपर्यंत प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो, आणि साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. पण त्याहून साधी अडचण म्हणजे त्याची पद्धत त्याने केली, तू नाही. व्हायवाला ‘ही मीटरची चौकट का घेतली?’ असं विचारलं तर काय सांगशील? तुझी तर अर्ध्या मीटरची होती. चॅटजीपीटीचंही तसंच. गाईडची हरकत नसेल तर तुझ्या वाक्यातलं व्याकरण तपासायला वापर, आणि वापरलंस तर तसं नमूद कर. परिच्छेद त्याच्याकडून लिहून घेऊ नकोस, आणि त्याने दिलेला एकही संदर्भ स्वतः उघडून वाचल्याशिवाय यादीत टाकू नकोस.

इंग्रजीची धास्ती सोड. रोज संध्याकाळी एक भाग आधी मराठीत लिही, अगदी आईला सांगतेस तसा. मोठ्याने वाच. जिथे आई ‘म्हणजे?’ विचारेल तिथे खूण कर. मग इंग्रजीत उतरव, एका वाक्यात एकच गोष्ट, साधा भूतकाळ. ‘आम्ही मोजले’, ‘मी नोंदवले’. लांबलचक कर्मणी वाक्यांमागे लपायची सवय आपल्या पाठ्यपुस्तकांनी लावली आहे, ती शास्त्राची गरज नाही. पद्धत आणि निष्कर्ष झाले की चर्चा, मग प्रस्तावना, सारांश सगळ्यात शेवटी. प्रस्तावना दीड पानाची पुरे, आणि तिचं पहिलं वाक्य तुझ्या किनाऱ्याबद्दलचं असू दे.

गाईडना भेटायला जाताना ‘फरक नाही’ एवढंच सांगू नकोस. तीन कागद ने: दुरुस्त केलेली शीट, ठिपक्यांची आकृती, आणि बायकांच्या नोंदीची वहीची पानं. ‘सर, दोन्ही किनाऱ्यांवर माणसांचा वावर आहे पण पट्टा वेगळा आहे, हे मला चर्चेत मांडायचंय,’ असं म्हण. ‘बघ काय करता येईल’ म्हणणाऱ्या माणसाला पुढचं पाऊल दाखवलं की बहुतेक वेळा तो सोबत येतो. तरीही कुणी आकडे वाकवायला सुचवलंच, तर कच्च्या वहीची झेरॉक्स परिशिष्टात जोडायची आहे असं शांतपणे सांग. खरोखर जोडही.

एक काम अजून आहे, आणि ते खुर्चीत बसून होणार नाही. सबमिशनच्या आधी एक अमावास्या किंवा पौर्णिमा येतेच. त्या दिवशी पहाटे ओहोटीला त्या शांत किनाऱ्यावर जा. एकटी नको, मैत्रिणीला घे, घरी सांगून जा, जाड तळव्याचे बूट घाल, कालवांची धार पायाला कापते. आणि समुद्राकडे पाठ करून वाकू नकोस. त्या बायकांना सांग की त्यांचं वाक्य तुला प्रकल्पात घ्यायचंय, आणि नाव घातलेलं चालेल का ते विचार. नको म्हणाल्या तर ‘स्थानिक कालवं काढणाऱ्या महिला’ एवढंच लिही, पण आभारात त्यांना गाईडच्या लगेच खाली जागा दे. कोणत्या पट्ट्यात काढतात, महिन्यातून किती दिवस येतात, पूर्वीपेक्षा कमी मिळतात का, हे विचारून घे. हे सगळं वेगळ्या पानावर, वेगळ्या तारखेखाली लिही, २७० चौकटींत मिसळू नकोस. निघताना त्या कपारीतल्या ४१ कालवांपैकी किती उरलीत तेही मोजून घे. उत्तर काहीही आलं तरी मला कळव.

तुझी,
मॅडम